हायरायडर हायब्रिड, १४ महिने, २३,००० किलोमीटर: एका मागवाल्याचा अनुभव

आमच्या घरात शांतता म्हणजे तोटा. इचलकरंजीत मागाच्या शेडला चिकटून घर असलं की माग चालू असताना गाढ झोप लागते आणि बंद पडला की जाग येते. म्हणून गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कोल्हापुरात ताराराणी चौकातल्या सिग्नलला इंजिन आपोआप गप्प झालं, तसा माझा हात बटणाकडे गेला. शेजारी आमचे जॉबर आप्पा बसले होते. चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेला माणूस. "मालक, पडली का बंद?" सिग्नल सुटला, पाय हलकासा दाबला, गाडी आवाज न करता पुढे सरकली. पन्नासेक मीटरवर इंजिन जागं झालं, ते आप्पांना कळलंसुद्धा नाही. घरी पोहोचेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

गाडी म्हणजे टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी. १४ महिने झाले, २३,००० किलोमीटर. सूत, सायझिंग (उभ्या धाग्यांना खळ लावायचं काम), भिवंडीतले व्यापारी आणि बेंगळुरूला दिलेली बहीण, या चार ठिकाणी फिरण्यात हे किलोमीटर गेलेत. टोयोटाच का, असं घरातही विचारलं गेलं. वीस लाखांच्या आसपास जाणाऱ्या पैशात दुसरीकडे मोठी आणि जास्त चकचकीत गाडी आली असती.

खरं कारण क्वालिस. ती २००० साली आली तेव्हा मी कॉलेजात होतो. पेपरांनी तिच्या रूपावर तोंडसुख घेतलं होतं, आणि दिसायला ती होतीच डबा. पण चुलत्यांनी एक घेतली, पुढे ती वडापला, म्हणजे सीट भरून प्रवासी नेण्याच्या धंद्याला लावली, आणि २.४ लिटरचं ते डिझेल इंजिन किती माणसं घेऊन किती वर्षं धावलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही. २००५ मध्ये कंपनीनं चांगला खप असताना क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. चालती गाडी का मारली, म्हणून चुलते वर्षभर चिडून होते. नंतर इनोव्हाच घेतली.

दुसरं कारण थोडं विचित्र वाटेल. टोयोटा हे नाव मी क्वालिसच्या पाठीवर वाचलं, त्यानंतर काही वर्षांनी ते पाहुण्यांच्या शेडमध्ये एअरजेट मागावर, म्हणजे हवेच्या झोतानं आडवा धागा फेकणाऱ्या मागावर दिसलं. मला वाटलं, नावसारखेपणा असेल. पण तीच मंडळी. आणि आधी माग, मग गाडी.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७. आई हातमागावर राबायची, ते बघत मोठा झाला. १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट, १८९६ मध्ये यंत्रशक्तीवर चालणारा जपानचा पहिला माग. (आमच्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला तो १९०४ साली, म्हणजे आपणही फार मागे नव्हतो.) पुढे १९२४ मध्ये त्यानं मुलगा किइचिरोला बरोबर घेऊन जी-टाइप माग काढला. हा माग काय करायचा, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला एका वाक्यात कळेल: धोट्यातली (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा) धाग्याची कांडी संपत आली की माग न थांबता धोटा बदलायचा, आणि धागा तुटला की स्वतःहून थांबायचा.

साध्या मागावर आडवा धागा तुटला तर काटा पडून माग थांबतो, तेवढं आपल्याकडेही आहे. पण उभा धागा तुटला तर सर्रास साध्या मागांना ते कळतच नाही. माग आपला खडखडत राहतो आणि कापडात फट पडत जाते. कामगार चहाला गेला असेल तर दोन-तीन मीटर सहज वाया. मग व्यापारी तो पीस उलगडून बोट ठेवतो आणि भाव पाडतो. हे बोट मी हजार वेळा पाहिलंय. साकिचीनं नेमकं तेच बोट ओळखलं होतं. तुटलं की थांब, खराब माल पुढे सरकू देऊ नकोस. मागाला राखायला सतत माणूस लागेना, म्हणून एक कामगार वीस-पंचवीस माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या त्या काळच्या बलाढ्य कंपनीनं या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्यांच्या देशातून यंत्रमाग जगभर गेले, त्यांनीच जपान्याकडून माग विकत घ्यावा! त्याच पैशावर मोटारीचे प्रयोग झाले असं सांगतात. ते पूर्ण खरं असो नसो, १९३३ मध्ये मोटार विभाग मागाच्या कारखान्यातच उघडला, हे मात्र खरं.

वेगळी मोटार कंपनी झाली १९३७ मध्ये. घराणं टोयोडा, कंपनी टोयोटा. जपानी लिपीत 'टोयोटा' आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ तिकडे शुभ. नाव बदलण्यामागे शकुन पाहणारे लोक गुणवत्तेवर इतके काटेकोर कसे, याचं आप्पांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. आमच्याकडे नव्या बीमला, म्हणजे उभ्या धाग्यांच्या गुंडाळीला, नारळ फोडल्याशिवाय माग सुरू होत नाही.

आज कंपनीचं जे नाव आहे ते पहिल्या दिवसापासून नव्हतं. १९३५ चा त्यांचा पहिला ट्रक रस्त्यात इतका बंद पडायचा की माणसं दुरुस्तीला धावत असायची. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. कामगार कपात झाली, संप झाला आणि किइचिरोनं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तगली. किइचिरो १९५२ मध्ये वारला, चांगले दिवस त्याला दिसले नाहीत. १९५७ मध्ये मोठ्या दिमाखात क्राउन ही मोटार अमेरिकेला नेली, तर तिथल्या हमरस्त्यांच्या वेगाला ती थरथरायची आणि तापायची. काही वर्षांत विक्री गुंडाळावी लागली. पुढे १९६६ ची कोरोला आली आणि चित्र पालटलं. तोवर कारखान्यात ताइइची ओनो यानं ती जुनी सवय रुजवली होती: काही चुकतंय असं दिसलं तर लाइनवरच्या साध्या कामगारानं दोरी ओढायची आणि काम थांबवायचं. हा ओनो मूळचा टोयोडांच्या सूतगिरणीतला, मोटारीकडे आला १९४३ मध्ये.

आता माझ्या गाडीबद्दल.

१.५ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत विजेची मोटर, दोन्ही मिळून ११६ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास. बॅटरी लहानशी, एक युनिटसुद्धा नाही, ०.७६ किलोवॅट-तास. चार्जिंगला लावायची भानगड नाही, ब्रेकवर आणि उतारावर ती आपली आपण भरते. यात नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. इंजिन आणि दोन मोटरींचा मेळ ग्रहमालेसारखी रचलेली दातेरी चाकं घालतात. झिजणारे भागच कमी, म्हणून टोयोटाच्या पहिल्या हायब्रिड मोटारी, जुन्या प्रियस, टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर चालतात. त्या प्रियसचा पहिला नमुना १९९५ मध्ये तयार झाला तेव्हा ४९ दिवस जागचा हलला नव्हता म्हणे. १९९७ च्या डिसेंबरात तीच गाडी जपानच्या बाजारात आली.

मायलेज टाकी-टु-टाकी मोजलंय, स्क्रीनवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. इचलकरंजी ते कोल्हापूर रोजची ये-जा, खड्डे, ट्रॅक्टर, ऊस भरलेल्या गाड्यांच्या मागे रांगणं: २४ ते २५. पुण्याला नव्वद-शंभरनं गेलो की २१. एक्स्प्रेसवेवर घाई केली तर १८.५. गर्दीत जास्त आणि मोकळ्या रस्त्यावर कमी, हे उलटं गणित वडिलांना अजून पटलेलं नाही. थांबत-थांबत जाताना दर ब्रेकला वीज परत मिळते आणि निम्मा वेळ इंजिन बंदच असतं. हायवेवर ते सतत चालतं, मिळवायला काही उरत नाही. तुमची धाव बहुतेक हायवेची असेल तर हायब्रिडसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट सांगतो.

आंबा घाटाची गंमत वेगळी. रत्नागिरीकडे उतरताना ती चिमुकली बॅटरी निम्म्या घाटातच काठोकाठ भरते. मग वीज साठवायला जागा नाही, तेव्हा इंजिन पेट्रोल न पिता नुसतं जोरात फिरतं आणि गाडीला अडवून धरतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी कडेला घेऊन थांबलो होतो. पुस्तक वाचलं, तर ही तिची रीतच. चढताना पाय खोल दाबला की आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. तेही या चाकांच्या रचनेचंच लक्षण आहे. ज्याला गिअर टाकत घाट मारायची हौस आहे, त्यानं चाचणी फेरी शोरूमच्या सपाट रस्त्यावर घेऊ नये.

डिकी २६५ लिटर. बॅटरी मागे बसवल्याची ही किंमत. कापडाचे नमुने आणि दोन बॅगा एवढंच मावतं. पाहुण्यांच्या लग्नाला पाच माणसं आणि आहेर निघाले तेव्हा आईची बॅग मांडीवर आली, आणि त्यावरचं भाष्य पेठनाक्यापर्यंत ऐकलं.

गाडीपेक्षा गाडी मिळवण्याचा त्रास जास्त झाला. एका विक्रेत्यानं तीन महिने सांगून सात लावले आणि शेवटच्या आठवड्यात न मागितलेल्या ऍक्सेसरीजचं बिल पुढे केलं. भांडून काढून घेतलं. नावाला भुलून गिऱ्हाईक रांगेत उभं राहतं हे एकदा कळलं, की मधली माणसं त्या रांगेवर जगतात. त्यामुळे बुकिंग करताना सगळं लेखी घ्या.

या गाडीत माझ्या आवडीची एक गोष्ट दडलेली आहे. हिचा सांगाडा सुझुकीचा, हायब्रिड यंत्रणा टोयोटाची, बांधणी बेंगळुरूजवळच्या बिडदीची. आणि सुझुकीही मूळची मागवालीच! मिचिओ सुझुकीनं १९०९ मध्ये हामामात्सुला मागाचा कारखाना काढला. साकिचीचं जन्मगाव तिथून हामाना सरोवराच्या पलीकडे, एकाच शिझुओका प्रांतात. दोन मागवाल्या घरांनी मिळून केलेली गाडी तिसऱ्या मागवाल्याच्या दारात उभी आहे. बिडदीच्या कंपनीत भागीदार किर्लोस्कर, म्हणजे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणारं घराणं. त्यांची आणि टोयोडांची गाठ मोटारीच्या आधी कापडयंत्रांवर पडली होती: दोघांची संयुक्त कंपनी १९९५ मध्ये निघाली, टोयोटा किर्लोस्कर १९९७ मध्ये.

हे सगळं वाचून मी भक्त झालोय असं समजू नका. जिथे धागा तुटूनही माग थांबला नाही, तेही सांगितलं पाहिजे. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ टोयोटाच्याच एका लेक्सस मोटारीचा अपघात होऊन चार जण गेले, ऍक्सिलरेटर पायपुसणीत अडकला होता. मग लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष अकिओ टोयोडाला फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसावं लागलं, आणि आपण झेपण्यापेक्षा वेगानं वाढलो हे त्यानं तिथे कबूल केलं. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये सरकारी तपासाला दोष सापडला नाही. पण ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीनं १.२ अब्ज डॉलर भरले.

त्याहून मला लागली ती जानेवारी २०२४ ची बातमी. डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्राच्या चाचण्यांत गैरप्रकार निघाला आणि आपल्याकडेही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली. ती इंजिनं करणारी कंपनी कोणती? टोयोटा इंडस्ट्रीज. साकिचीचा मागाचा मूळ कारखाना. जिनं 'तुटलं की थांब' जगाला शिकवलं, तिच्याच शेडमध्ये फट पडत गेली आणि कुणी दोरी ओढली नाही. माझं बुकिंग तेव्हा झालेलं होतं. माझं इंजिन त्या यादीत नव्हतं, तरी दोन दिवस रद्द करू का या विचारात होतो. शेवटी आप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "माग कुठला तुटत नाही? तुटल्यावर बोट कोण ठेवतंय ते बघा. आपल्याकडं ठेवणारा व्यापारी असतो, त्यांच्यात त्यांचे तेच सांगतायत." हे पूर्ण खरं नाही, कारण बाहेरच्या दबावाशिवाय बरंचसं बाहेर आलं नसतं असं माझं मत आहे. पण बुकिंग राहिलं.

खर्चाचं सांगायचं तर तीन सर्व्हिसिंग झाल्या, तेल, फिल्टर आणि मजुरीपलीकडे काही नाही. हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे "बॅटरी गेली तर?" या गल्लीतल्या प्रश्नाला सध्या मी हसून उत्तर देतो. नवव्या वर्षी काय करीन ते तेव्हा बघू. टायर अजून पहिलेच आहेत. पुढचे दोन जास्त झिजलेत, अदलाबदल करून घ्यायची माझ्याकडूनच राहिली आहे. आप्पा रोज गाडीला फेरी मारून तेवढ्यावर बोट ठेवतात.