टायमिंग चेन घरीच बदलताय? मग नुसती चेन की पूर्ण किट

स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला टायमिंगसाठी, म्हणजे खालचा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात फिरवायला, बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून लोक बिनधास्त असतात, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ढिली पडतेच आणि सकाळी स्टार्टला पुढून खडखड यायला लागते.

नुसती चेन टाकली तर स्वस्तात भागतं, फायदा एवढाच. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चाकांचे) दाते जुन्या चेनसोबतच झिजलेले असतात, त्यावर नवी चेन चढवली की ती पण लवकर जाते, आणि बऱ्याचदा आवाजाचं मूळ चेन नसतंच, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) निकामी झालेला असतो नाहीतर गाइड (चेन ज्याला घासत सरळ चालते ती पट्टी) तुटून त्याचे तुकडे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडलेले असतात, ते ऑइल पंपाची जाळी चोक करतात.

किट महाग पडतं, मान्य. पण चेन, टेन्शनर, गाइड एकदमच येतं (स्प्रॉकेट कधीकधी नसतात, घेताना बघा) आणि घरी करणाऱ्याची खरी हाडं मोडतात ती पुली, फ्रंट कव्हर काढण्यात अन् जुना सिलंट खरवडण्यात, ते परत कोण करणार राव? मी किटच म्हणेन. गाडी कमी चाललेली आणि फक्त टेन्शनर गेलाय, तर गोष्ट वेगळी.

काहीही टाका, लॉकिंग पिन (क्रँक आणि कॅम जागेवर अडकवून ठेवणाऱ्या पिना) लावूनच खोला, आणि जोडल्यावर सेल्फ मारायच्या आधी पिना काढून पान्याने क्रँक 2 फेरे फिरवा, कॅम तेवढ्यात 1 फिरतो, मग टायमिंग जुळतं का बघा. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, पिस्टन व्हॉल्व्हला टेकत असणार.