ब्रेडेड लाइन आणि लीडर: बासमागे आठ महिने गरवल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी स्पिनिंग रीलवरचा तंगूस (नायलॉनचा एकसंध दोरा) उतरवला, १५ पौंडी (म्हणजे साधारण तेवढ्या ओढीला तुटणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन भरली आणि तिच्या पुढे गळापर्यंत फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे वेगळ्या दोऱ्याचा तुकडा, बांधायला लागलो. तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला पाण्यावर गेलोय. मासा मुख्यतः लार्जमाउथ बास, अधूनमधून स्मॉलमाउथ. पाणी कधी आरशासारखं नितळ, तर कधी पावसानंतरचं गढूळ. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय. लीडर हवा, पण ज्या कारणासाठी मी तो बांधायला घेतला होता ते कारण दुय्यम निघालं.

मी लीडर लावला तो माशाला लाइन दिसू नये म्हणून. त्यात तथ्य आहेच. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा; तो पाण्याच्या जितका जवळ, तितका दोरा कमी दिसतो. पाण्याचा १.३३, फ्लुरोकार्बनचा साधारण १.४२ आणि नायलॉनचा दीडच्या पुढे. त्यामुळे पाण्यात फ्लुरोकार्बन तंगुसापेक्षा कमी उठून दिसतो. पण कमी दिसतो म्हणजे दिसतच नाही असं नाही. नितळ पाण्यात ड्रॉप शॉट (खाली वजन आणि त्याच्या वर आमिष) खेळवताना मला फरक स्पष्ट जाणवला. लीडर लांब ठेवला त्या दिवशी मासे बिनधास्त घेत होते, आखूड ठेवला की नुसतं हुंगून परतत होते. गढूळ पाण्यात मात्र आठ महिन्यांत एकदाही फरक जाणवला नाही. तिथे फक्त दिसण्याच्या भीतीने कोणी लीडर बांधत असेल तर माझ्या मते ती मेहनत वाया जाते.

खरा उपयोग कळला तो दगडांत. पहिले दोन आठवडे मी बऱ्याचदा कंटाळा करून, लीडर न लावता, थेट ब्रेडेड लाइनलाच गळ बांधत होतो. एका संध्याकाळी उताराच्या टोकाला, जिथे तळाशी दगडांची रास आहे, तिथे चांगला वजनदार बास लागला. त्याने एकदाच खाली मुसंडी मारली आणि लाइन दगडाला घासली. झटका नाही, आवाज नाही, नुसती सैल लाइन हातात आली. टोक पाहिलं तर कापसाच्या वातीसारखं पिंजलेलं. ही लाइन म्हणजे पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची वेणी. सरळ ओढीला ती कमालीची चिवट, पण ताणलेली असताना धारेवर घासली की तंतू एकामागोमाग एक जातात. फ्लुरोकार्बन हा एकसंध, टणक दोरा. त्याच दगडावर त्याला ओरखडे पडतात, पण निदान मासा वर येईपर्यंत तो तग धरतो. बासचे दात कानसेसारखे बारीक असतात, तेही लीडरच्या शेवटच्या बोटभर भागाला खरबरीत करतात. म्हणून आता प्रत्येक माशानंतर गळापासून वर वीतभर लीडर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ओढून बघतो. नखाला जरासं काही अडखळलं की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारतो. या एका सवयीने जेवढे मासे वाचवले, तेवढे महागड्या लाइनने वाचवले नसते.

ब्रेडेड लाइन सोडावी असं मात्र एकदाही वाटलं नाही. ती जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे तळाचा प्रत्येक स्पर्श थेट हाताला पोचतो. नेड रिग (छोट्या वजनदार गळावरचं आखूड मऊ आमिष) तळावर सरकवताना लाइन तर्जनीवर हलकेच टेकवून ठेवतो. चिखल असेल तर नुसता जडपणा, खडी असेल तर टकटक, पाणगवत असेल तर रबरासारखी ओढ आणि मग सुटका. बासने आमिष ओठांत घेतलं की अगदी छोटी टिचकी बसते. तंगुसावर या टिचक्या मी वर्षानुवर्षं चुकवत आलो असणार.

आता गाठींविषयी, कारण सगळा कारभार त्यांच्यावरच चालतो. सुरुवातीला डबल युनी मारायचो. ती शिकायला सोपी, काठावर वारा असतानाही जमते. ब्रेडेडचे आठ वेढे, लीडरचे पाच. पण तिचा गोळा होतो आणि फेकताना तो रॉडच्या कड्यांतून टक टक करत जातो. जाड लीडर असला तर अडकतोही. मग काही दिवस अल्बर्टो वापरली, ती त्यामानाने बारीक आहे. शेवटी एफजी गाठीवर आलो आणि तिथेच थांबलो. एफजीमध्ये लीडर दुमडावा लागत नाही. ब्रेडेड लाइन ताणून धरायची आणि लीडरभोवती एकदा वरून, एकदा खालून असे वीसेक वेढे घ्यायचे. मग अर्ध्या गाठींनी बंद करायचं. वेढे लीडरमध्ये रुतून बसतात आणि ओढ पडेल तशी पकड वाढते. गाठ नीट बसली की वेढ्यांच्या जागी लाइनचा रंग गडद होतो. तो बदल डोळ्यांनी दिसला नाही तर मी ती गाठ पाण्यात नेत नाही. आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करायचीच. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन तिथेच कमजोर पडतो.

पहिल्या पंधरा-वीस एफजी गाठी माझ्या सुटल्या. त्यातली एक या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या माशावर सुटली, काठापासून चार हातांवर, आणि ते अजून मनातून जात नाही. पण त्या दिवसापासून तुटलेलं टोक वाचायला शिकलो. लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ घसरली, चूक बांधण्यात. टोक खरबरीत आणि पांढुरकं असेल तर दगडाने कापलं. ब्रेडेडचं टोक पिंजलेलं असेल तर घासणं लीडरच्या वर झालं, म्हणजे त्या जागेसाठी लीडर आखूड पडला. आता प्रत्येक नवी गाठ लाकडाच्या तुकड्याला लाइन गुंडाळून जोर लावून तपासतो. हाताला कधीच गुंडाळू नका. ताणलेली ब्रेडेड लाइन बोट सुरीसारखं कापते.

लांबीचं माझं माप वावावर (दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर) आहे. नेहमीच्या कामाला एक वाव. मग गाठ कड्यांमध्ये राहते पण रीलपर्यंत पोचत नाही. रीलमधून लाइन मोठमोठ्या वेटोळ्यांनी सुटते ती पहिल्या कडीशी, आणि गाठीची तिथेच सगळ्यात जास्त अडवणूक होते. नितळ पाण्यात दोन वाव. तेव्हा गाठ स्पूलवर (रीलमधल्या लाइन गुंडाळायच्या रिळावर) जाते, म्हणून तिथे एफजीच लागते, डबल युनी चालत नाही. कापून कापून लीडर हातभर उरला की नवा बांधायचा. चिकाटी दाखवून आणखी एक तास काढण्यात काही अर्थ नाही.

प्रत्येक आमिषाला लीडर फ्लुरोकार्बनचाच हवा असं नाही. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पटींहून थोडी जास्त, म्हणजे तो बुडतो. तळावर खेळायला उत्तम, पण पृष्ठभागावर खेळवायच्या पॉपर या आमिषाचं नाक तो खाली ओढतो. ब्रेडेड लाइन तरंगते, पण इतकी लुळी असते की तिपाखी गळांना जाऊन गुंडाळते. तिथे मी दोन हात जाड तंगूस लावतो. तो थोडा ताठ असतो आणि फ्लुरोकार्बनसारखा बुडून आमिष ओढत नाही. आणि दाट पाणगवतात रबरी बेडकाचं आमिष फेकायचं असेल तर लीडर काढूनच टाका. तिथे ५० पौंडी ब्रेडेड, थेट पालोमार गाठीने. ती लाइन गवताचे देठ कापत येते. लीडर लावला तर गाठीत गवत अडकतं आणि जिथे सगळ्यात जास्त जोर हवा तिथेच कच्चा दुवा तयार होतो.

क्रँकबेटसाठी (ओढलं की डुलत पोहणारं टणक आमिष) हा संच मला पटला नाही. लाइन ताणत नसल्याने मासा उसळला की छोटे गळ ओठातून फाटून निघतात. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल केला, रॉड मऊ घेतला, थोडा फायदा झाला. तरी त्या कामाला आता वेगळ्या रीलवर निव्वळ तंगूसच ठेवतो.

आणखी दोन त्रास सांगायला हवेत. स्पूल अगदी काठोकाठ भरली की वाऱ्याच्या दिवशी लाइनचे वेटोळे एकदम सुटतात आणि गुंता होतो. दोन-तीन मिलिमीटर कमी भरल्यावर आणि बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करायला लागल्यावर हे जवळपास थांबलं. दुसरं म्हणजे ब्रेडेड लाइन गुळगुळीत स्पूलवर घसरते. ड्रॅग आवळलेला असूनही मासा लाइन नेतोय असं वाटलं तर आधी हे तपासा. तळाला थोडा तंगूस गुंडाळून त्यावर भरली की प्रश्न मिटतो.

सध्या १५ पौंडीच्या पुढे ८ पौंडी लीडर आहे, दगडांत १० पौंडी. लीडर मुद्दाम लाइनपेक्षा हलका ठेवतो, म्हणजे आमिष कायमचं अडकलं तर तुटतं ते खाली, आणि वरची लाइन सगळी परत येते. स्पूलवरच्या पहिल्या वीसेक वावांचा रंग उडालाय, हाताला थोडी लवही लागते. खालची अर्धी अजून कोरी आहे. येत्या रविवारी सगळी काढून उलटी भरणार आहे.