बीएसए एम-२०: नऊ महिने, साडेतीन हजार किलोमीटर आणि एक कंडेन्सर

गेल्या रविवारी माझ्या बीएसए एम-२० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलवरून साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासला गेलो. वर गाडी बंद केली, चहा घेतला, दहा मिनिटांनी किक मारली आणि दुसऱ्या किकला इंजिन चालू झालं. मुद्दाम लिहायला बसलो ते यासाठीच. गाडी रस्त्यावर आल्यापासून गरम इंजिन लगेच परत चालू झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एम-२० ज्यांना माहीत आहे त्यांना ४९६ सीसी साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला) इंजिन, १३ हॉर्सपॉवर, पुढे गर्डर फोर्क (जुन्या पद्धतीचा स्प्रिंगवरचा चिमटा) आणि मागे सस्पेन्शनच नाही, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. त्यातल्या काही युद्धानंतर आपल्याकडेच राहिल्या आणि लष्करी लिलावातून लोकांच्या हाती गेल्या. माझी फ्रेम मामाच्या गोठ्यात वैरणीखाली पडून होती, इंजिनाशिवाय. इंजिन पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं, गिअरबॉक्स मुंबईच्या चोर बाजारातून, आणि टाकी मिरजेच्या एका गॅरेजच्या माळ्यावर सापडली. फ्रेम आणि इंजिनाचे नंबर जुळत नाहीत म्हणून काही जण नाक मुरडतात. त्यांना सांगतो, युद्धकाळातल्या एम-२०चे हे दोन नंबर कारखान्यातूनच सारखे येत नसत.

सुट्या भागांतून गाडी उभी करताना पहिला फटका फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनातल्या जड चाकांचा, बसला. साडेचार हजार मोजून घेतलेली जोडी घरी आणून मोजली तर एम-२१ या मोठ्या इंजिनाच्या गाडीची निघाली. दोन्ही गाड्यांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२ मिलिमीटरच, पण एम-२०चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९४ आणि एम-२१चा ११२. बाहेरून दोन्ही इंजिनं सख्ख्या भावांसारखी दिसतात. बारीक मोजमापाचं व्हर्निअर खिशात असल्याशिवाय बाजारात जाऊ नका.

दुसरा त्रास आट्यांचा. या गाडीत इंचातले जुने ब्रिटिश आटे आहेत: सायकल आटा आहे, बीएसएफ आहे आणि काही ठिकाणी व्हिटवर्थही. आधी हात लावलेले लोक त्यात आठ मिलिमीटरचे बोल्ट घालून गेलेले असतात. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे आठचा बोल्ट तोंडाशी धरतो, दोन फेरे फिरतो आणि मग आतले आटे खरवडत जातो. सायकल आट्याला इंचात २६ फेरे, आठच्या साध्या बोल्टला जेमतेम वीस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडर बोअर करायला दिला होता, तिथल्या मिस्त्रींनी क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) नुसतं बोट फिरवून सांगितलं, "साहेब, ह्यो आटा इंचातला हाय. मिलीमीटरचा बोल्ट घालून कुणीतरी वाट लावलीया." त्यांनी चार भोकांना बुश मारून मूळ आटे पाडून दिले, आणि गर्डर फोर्कच्या स्पिंडलचे बुशही तिथेच लेथवर झाले. या माणसाने घेतलेल्या पैशांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. इंग्लंडहून मागवलेला तोच बुशसेट टपालखर्च आणि कस्टम धरून अडीचपट पडत होता.

आता मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र. सगळा जीव त्यातच अडकला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी सकाळी थंड असताना पहिल्या नाहीतर दुसऱ्या किकला चालू व्हायची. कार्बोरेटरचं टिकलर (छोटं बटण) दाबून पेट्रोल ओघळू द्यायचं, ठिणगी उशिरा पडावी म्हणून हँडलवरची इग्निशनची दांडी मागे घ्यायची, व्हॉल्व्ह उघडा धरणारा लिफ्टर दाबून कॉम्प्रेशन पार करायचं आणि किक. असं वाटायचं की इतकी गुणी गाडी दुसरी नाही. पंधरा किलोमीटर घाट चढला की तीच गाडी अडखळायला लागायची, आणि एकदा बंद पडली की चाळीस किका मारल्या तरी ढिम्म. पंचवीस मिनिटं सावलीत उभी करा, पुन्हा पहिल्या किकला चालू.

पहिले चार महिने मी पेट्रोलला दोष देत होतो. वीस टक्के इथेनॉल आहे, कार्बोरेटर तापला की त्यात वाफ धरते, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. कार्बोरेटर आणि सिलिंडरमध्ये जाड फायबरचं पॅकिंग टाकलं, स्लाइड नवी करून घेतली, एकूण ३,८०० रुपये गेले. काडीचाही फरक पडला नाही. ते माझं म्हणणं मी इथे मागे घेतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन साधारण पाचास एक, युद्धातल्या हलक्या पेट्रोलवर चालेल असं बनवलेलं. आजचं पेट्रोल त्याला जड जात नाही. इथेनॉलने माझं एकच नुकसान केलं, टाकीच्या आतला जुना लेप पापुद्र्यांनी सुटला आणि तो सगळा काढावा लागला.

खरं कारण घाटातच दिसलं. पावसाळा संपत आला होता, दिवेलागणीची वेळ. भाचा स्कूटरवर मागून येत होता. त्याला किक मारायला सांगितलं, प्लग काढून हेडवर टेकवला आणि मॅग्नेटोतल्या पॉइंटवरचं, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवरचं, झाकण उघडलं. प्लगवर ठिणगी केसासारखी बारीक आणि पिवळसर. पॉइंटवर मात्र प्रत्येक किकला लख्ख निळा झगझगाट. ठिणगी जिथे पडायची तिथे पडत नव्हती, नको तिथे पडत होती. पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथला करंट पोटात घ्यायचा, हे कंडेन्सरचं काम. तो गळका झाला की पॉइंट जळतात आणि प्लग उपाशी राहतो. जुना कंडेन्सर थंड असताना तग धरतो, तापला की मान टाकतो.

संताप याचा आला की हाच मॅग्नेटो मी गाडी जोडण्याआधी एका नावाजलेल्या ठिकाणी वायंडिंगला दिला होता. ८,५०० रुपये, सहा आठवडे, "कंडेन्सरसकट सगळं नवीन" असं तोंडी सांगणं. बिलावर फक्त "दुरुस्ती". फोन केला तर म्हणाले, "तुमच्या कार्बोरेटरची भानगड असेल." परत घेऊन गेलो तर थंड मॅग्नेटो टेबलावर फिरवून ठिणगी दाखवली आणि हातात दिला. गरम करून बघा म्हटलं, तर तेवढा वेळ नाही असं उत्तर मिळालं.

शेवटी सांगलीच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी आर्मेचर (मॅग्नेटोतला फिरणारा, वायंडिंगचा भाग) माझ्यासमोर काढलं. वायंडिंगवरची लाख उष्णतेने सुटून काकवीसारखी ओघळली होती आणि मॅग्नेटोच्या कवचाच्या आत चिकटून वाळली होती. म्हणजे वायंडिंगही नवं नव्हतं. पितळी टोक सोल्डरचा डाग सोडवून वेगळं केलं, आत जुनाच कंडेन्सर. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीच्या खांडाएवढी वस्तू आणि तिच्यापायी माझे सात महिने गेले. काका म्हणाले, "ह्याचं वय माझ्यापेक्षा जास्त असंल. ह्याला आता सोडा की."

नवं वायंडिंग, लाखेऐवजी इपॉक्सी, जास्त व्होल्टेज सोसणारा आधुनिक कंडेन्सर, नवी बेअरिंगं, सगळे मिळून ७,२०० रुपये. घरी आणल्यावर मी मॅग्नेटो ड्रिल मशीनला लावला आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेत अर्धा तास फिरवला. हात लावला तर चटका बसत होता, ठिणगी तशीच निळी. ही चाचणी दुकानदारासमोर करून घ्या, आणि काढलेला जुना कंडेन्सर हातात मागून घ्या. तो मिळाला नाही तर पैसे देऊ नका. आर्मेचर उघडायचं नसेल तर पॉइंटपाशी बसणारे छोटे कंडेन्सर इंग्लंडमध्ये मिळतात, पण लाख ओघळली असेल तर ती मलमपट्टीच.

बाकी गाडीबद्दल थोडक्यात. पंधरा दिवस उभी राहिली की ऑईलच्या टाकीतलं ऑईल क्रँककेसमध्ये उतरतं, खालचा नट काढून ते काढावं लागतं. उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक, हे आठवड्यात अंगवळणी पडतं. ब्रेक मात्र बेताचेच, घाट उतरताना गिअरवरच भरवसा ठेवा. पन्नासच्या वेगाला गाडी इतकी शांत चालते की मधेच हात सोडून डोंगर बघावेसे वाटतात. लिटरला बावीस मिळतात. एकूण खर्च २ लाख १४ हजार, रंगासह. क्रोम केलेलं नाही, युद्धातल्या गाडीला ते नव्हतंच.

मामाला मागच्या महिन्यात फलटणहून आणलं. वय ८१. त्याने किक मारली नाही, नुसता टाकीवर हात ठेवून इंजिन बंद होईपर्यंत उभा राहिला.

स्पीडोमीटरची जागा अजून रिकामी आहे. कुणाकडे स्मिथ्स कंपनीचा जुना क्रोनोमेट्रिक स्पीडोमीटर पडून असेल, बंद असला तरी चालेल, तर कळवा. बदल्यात एम-२१ची फ्लायव्हील जोडी देईन, चांगली आहे, मोजून घेतलेली.