पाचव्या क्रमांकाच्या मुलीसाठी वेळ देणारे प्रशिक्षक: बडोद्यातील गोल्फ वर्गाचा अनुभव

बडोद्याला गोल्फ नवा नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदान 1930 च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी तयार करून घेतले आणि 1990 च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी त्याला नवे रूप देऊन ते सभासदांसाठी खुले केले. तरीही दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या घरांतील मुले आजही क्रिकेटकडेच वळतात. त्यामुळे आमच्या मुलीने महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी गोल्फ शिकायचा हट्ट धरला, तेव्हा कोणाला विचारावे हेच आम्हाला कळेना. शहरात महाविद्यालयीन खेळाडूंसाठी चालणाऱ्या एका वर्गात ती बारा आठवडे शिकली. त्या वर्गाविषयी सविस्तर लिहावे, असे मनापासून वाटते.

वर्ग चालवणारे प्रशिक्षक लहानपणी कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या गोल्फच्या काठ्यांची (क्लबांची) पिशवी वाहणारे मदतनीस, होते आणि पुढे त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे महाविद्यालयांचे संघ घडवण्यात घालवली. पहिल्या दिवशी त्यांनी पाच-पाच जणांचे गट केले आणि अमेरिकेतील विद्यापीठांच्या स्पर्धांचा नियम समजावून सांगितला: संघातले पाचही जण खेळतात, परंतु दिवसाअखेरीस त्यांतील सर्वोत्तम, म्हणजे सर्वांत कमी फटके घेणाऱ्या, चौघांचेच फटके मोजले जातात. समजा, चौघांनी 71, 73, 74 आणि 82 फटके घेतले आणि पाचव्याने 80 मध्ये खेळ संपवला, तर 82 बाजूला पडतात, 80 धरले जातात आणि संघाची बेरीज 300 ऐवजी 298 होते. पहिल्या खेळाडूला 71 वरून 69 वर आणायला जे कष्ट पडतील, त्यांहून कितीतरी कमी कष्टांत हे दोन फटके वाचतात. आमची मुलगी तिच्या गटात पाचवी होती, आणि बाराही आठवडे सरांचा सर्वाधिक वेळ तिला व चौथ्या मुलीला मिळाला. आधीच्या ठिकाणी, ज्याचे नाव मी घेत नाही, चार महिन्यांत तीन वेळा तिची ग्रिप, म्हणजे क्लब धरण्याची पद्धत, बदलण्यात आली होती आणि वशिल्याच्या मुलांपुढे तिच्याकडे कोणी लक्षही दिले नव्हते, म्हणून ही गोष्ट मला विशेष भावली.

दुसऱ्या आठवड्यातला प्रसंग सांगते. सरांनी तिच्याकडे हातमोजा मागितला आणि तो उलटासुलटा करून पाहिला. मनगटाजवळच्या मांसल भागावर कातडे घासून भोक पडले होते. क्लब बोटांत धरण्याऐवजी ती तळव्यात धरत होती, त्यामुळे प्रत्येक फटक्याला मूठ घसरत होती. सरांनी क्लबची मूठ तिच्या बोटांच्या मुळाशी बसवली आणि तिच्या स्विंगला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या ढबीला, अजिबात हात लावला नाही. नवा मोजा आठ आठवड्यांनी पाहिला, तर तो बोटांपाशी हलकासा मळला होता आणि तळव्याकडे जसाच्या तसा होता. पटिंगचा, म्हणजे चेंडू हलकेच खळीकडे घरंगळवण्याचा, सराव तर मी मैदानाच्या कडेला उभी राहून डोळे भरून पाहिला: चेंडू टोलवायचा, डोळे मिटूनच राहायचे आणि चेंडू कमी पडला की पुढे गेला हे आधी सांगून मगच पाहायचे. पहिल्या दिवशी तिचे दहांपैकी तीन अंदाज बरोबर आले, शेवटच्या आठवड्यात आठ.

दोन मुलींना एकच गोष्ट सांगायची असली, तरी सर त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलावत. मला हे सुरुवातीला खटकले, पण त्यामागची जुनी परंपरा पुढे समजली. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ संघाला 1931 ते 1963 अशी 32 वर्षे शिकवणारे हार्वी पेनिक हे बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट या आपल्या दोन लाडक्या शिष्यांना एकमेकांचा धडा पाहू देत नसत, कारण एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करील, अशी त्यांना भीती वाटे. 1995 च्या 2 एप्रिलला पेनिक वारले. गोल्फमधली मानाची मास्टर्स स्पर्धा तोंडावर असताना दोघा शिष्यांनी ती जिथे होते त्या ऑगस्टाहून पेनिक यांच्या गावी, ऑस्टिनला, जाऊन त्यांना निरोप दिला आणि 9 एप्रिलला, वयाच्या 43 व्या वर्षी, क्रेनशॉ तीच स्पर्धा जिंकले. ह्यूस्टन विद्यापीठाच्या गोल्फ संघाचे प्रशिक्षक डेव्ह विल्यम्स मूळचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक, परंतु 1956 ते 1985 या काळात त्यांच्या संघाने अमेरिकेचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद 16 वेळा पटकावले. एवढी वर्षे विजेतेपद टिकते ते एखाद्या हिऱ्याच्या बळावर नव्हे. मुले चार वर्षांनी निघून जातात आणि प्रशिक्षकाला दर वर्षी नवा चौथा आणि नवा पाचवा खेळाडू घडवावा लागतो, असे मला वाटते.

उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. सरावाच्या चेंडूंच्या टोपलीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे प्रवेश घेताना सांगितले गेले नाही. मुलांना थांबायला सावली नाही आणि एप्रिलपासून साडेआठनंतर ऊन असह्य होते. प्रगतीची लेखी नोंदही ठेवली जात नाही. मुलगी स्वतः वहीत लिहीत गेली, म्हणून वर दिलेले आकडे मला सांगता आले. वर्गाची शिस्त मात्र कडक आहे: उशीर झाला, तर त्या दिवशी फक्त सरावाच्या पट्ट्यांवरचा कचरा वेचायचा आणि इतरांचा खेळ पाहायचा.

ज्यांना आपले मूल महिन्याभरात स्पर्धेत उतरवायचे आहे, त्यांनी इथे येऊ नये. ज्यांची मुले मधल्या फळीत अडकली आहेत आणि जी सावकाश पुढे सरकतील अशी आहेत, त्यांच्यासाठी मी हा वर्ग नि:शंकपणे सुचवीन. येताना जुना हातमोजा टाकून देऊ नका, पिशवीत ठेवा. सर तोच आधी मागतात.