मजकूर बदलायचा, मागे घ्यायचा: छापील पुस्तक, ई-पुस्तक की मुक्त परवाना?

संहिता तयार आहे, पण ती प्रकाशकाला द्यावी, स्वतः ई-पुस्तक काढावं की मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली करावी हे ठरत नाही, अशा लेखकासाठी हा आढावा. खप आणि मानधन बाजूला ठेवून दोनच गोष्टी ताडून पाहिल्या आहेत: प्रसिद्ध झालेला मजकूर पुढे बदलता येतो का, आणि तो मागे घेता येतो का. या दोन्ही गोष्टी सहसा एकाच ठिकाणी मिळत नाहीत.

प्रकाशकाकडे दिल्यास

सगळं करारातल्या एका शब्दावर ठरतं: हक्कांचं ‘हस्तांतरण’ की ‘परवाना’. हस्तांतरणात हक्क प्रकाशकाचे होतात, परवान्यात ते तुमच्याकडेच राहतात आणि प्रकाशकाला फक्त वापराची मुभा मिळते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. छापील करारनाम्यात नेमकं तेच वेगळं लिहिलेलं असतं. ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ या तीन शब्दांवर सही झाली की ५ वर्षांचं संरक्षण गेलं. कारण ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालते.

म्हणून परवानाच द्या आणि तो मोजून द्या: मराठी भाषा, छापील स्वरूप, एक आवृत्ती, ठरलेल्या प्रती, ३ वर्षं. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे ठेवा. ‘प्रती संपल्याचं कळवल्यानंतर ६ महिन्यांत नवी आवृत्ती न निघाल्यास हक्क लेखकाकडे परत’ हे वाक्य नक्की घाला. ते नसेल तर पुस्तक बाजारात मिळत नाही आणि दुसऱ्याकडेही देता येत नाही, अशी कोंडी वर्षानुवर्षं राहते.

बदलांची खरी झटापट छपाईआधी होते. मुद्रितशोधक प्रमाणलेखनाचे नियम लावतो, ते त्याचं कामच आहे. पण तेच नियम मालवणी किंवा वऱ्हाडी संवादांना लागले की पात्राची बोली मरते. संहितेबरोबर एक पान जोडा: कोणत्या पात्राची बोली कशी लिहिली आहे, कोणती रूपं जशीच्या तशी ठेवायची. करारात ‘लेखकाच्या लेखी संमतीशिवाय मजकुरात बदल नाही’ असं घ्या आणि छापखान्यात जाणारी शेवटची पीडीएफ स्वतः वाचून मंजूर करा. लेखकाने प्रूफ परत दिल्यानंतर केलेल्या ‘किरकोळ’ दुरुस्त्या सर्वांत जास्त घात करतात. उलट बाजूही आहे. साधारणपणे १६ पानांचा एक फॉर्मा (एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) असतो; शेवटच्या प्रुफात तुम्ही एक परिच्छेद वाढवलात तर प्रकरणाची पानं पुढे सरकतात, सूचीतले पृष्ठांक चुकतात आणि कधीकधी एका पानासाठी नवा फॉर्मा सुरू करावा लागतो. शेवटच्या प्रुफात शब्दाच्या जागी शब्द बदला, भर घालू नका.

छपाईनंतर हातात उरतं ते शुद्धिपत्र आणि पुढची आवृत्ती. चारदोन चुका दुरुस्त केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) चालतो. मजकुरात मोठा बदल असेल तर ती नवी आवृत्ती आणि तिला नवा क्रमांक.

मागे घेणं जवळपास अशक्य. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती द्यायच्या असतात. त्या परत येत नाहीत. फ्रान्समध्ये लेखकाला प्रकाशकाची भरपाई आधी चुकवून पुस्तक मागे घेण्याचा हक्क आहे, भारतीय कायद्यात तसा हक्क नाही. आपल्याकडे कलम ५७ आहे: कॉपीराइट विकला तरी लेखक म्हणून नाव मिळण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क तुमचाच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हाच मुद्दा धरला: हक्क देण्याचा करार कलम ५७ च्या अधीन राहूनच वाचायचा. हे कलम मोडतोडीपासून वाचवतं. ‘आता हे पुस्तक मला नको’ म्हणणाऱ्याच्या कामाचं नाही.

दिवाळी अंकाला दिलेली कथा यापेक्षा मोकळी असते. बहुतेक वेळा कागद होतच नाही आणि लेखी हस्तांतरण नाही म्हणजे कॉपीराइट तुमचाच. निदान एक मेल पाठवा: ‘फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी.’ वृत्तपत्रात नोकरीला असाल तर लेख नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा, बाकीचे हक्क तुमचे. नेमणूकपत्रात उलट काही नाही ना, तेवढं पाहा.

स्वतः काढलेलं ई-पुस्तक

बदलासाठी याच्याइतकी चांगली जागा नाही. किंडलसाठी केडीपीवर (स्वतः पुस्तक काढण्याची अ‍ॅमेझॉनची सेवा) दुरुस्त फाइल चढवली की साधारण ७२ तासांच्या आत नवा मजकूर विक्रीला लागतो. मात्र आधी विकत घेतलेल्यांच्या यंत्रात जुनाच मजकूर राहू शकतो. म्हणून शीर्षकपानाच्या मागे आवृत्तीचा महिना आणि वर्ष लिहा, नाहीतर समीक्षक एक मजकूर वाचतो आणि तुम्ही दुसऱ्याबद्दल उत्तर देता.

मागे घेणं एका बटणाचं काम, पण ते पुढच्या विक्रीपुरतंच. विकत घेतलेल्याकडची प्रत त्याचीच राहते. केडीपी सिलेक्ट या त्याच सेवेच्या ऐच्छिक योजनेत नाव घातलं असेल तर ९० दिवसांची डिजिटल मक्तेदारी दिलेली असते. पुस्तक मध्येच खाली उतरवलं तरी ती मुदत संपेपर्यंत तोच मजकूर दुसरीकडे ई-रूपात देऊ नका. नूतनीकरण आपोआप होतं, ती खूण आधीच काढा.

मुक्त परवाना

क्रिएटिव्ह कॉमन्स हा तयार मुक्त परवान्यांचा संच; त्याच्या ४.० आवृत्तीचे परवाने मागे घेता येत नाहीत. तुम्ही स्वतःची प्रत काढू शकता, पण ज्यांनी ती आधी घेतली ते अटी पाळून वाटत राहतील. परवान्याने बदलाची मुभा दिली असेल तर बदलूनही वाटतील. तुमच्या हातात एवढंच राहतं की आपलं नाव काढायला सांगता येतं. विकिपीडियावर तर कोणीही बदल करू शकतो आणि प्रत्येक जुनं रूप इतिहासात टिकतं. पाककृती, शब्दसूची, शेतीची माहिती यांना हे उत्तम. कविता आणि आत्मकथन इथे ठेवू नका. आत्मकथनात इतरांची आयुष्यं असतात, आणि दहा वर्षांनी एखादं पान काढावंसं वाटलं तर ते जमणार नाही.

मग कोणी काय निवडावं?

दरवर्षी बदलणारी माहिती, म्हणजे परीक्षा मार्गदर्शक किंवा कायद्याची ओळख, आधी ई-पुस्तक म्हणून काढा आणि छपाई थोड्या प्रतींची करा. कादंबरी किंवा कवितासंग्रह एका आवृत्तीच्या परवान्यावर प्रकाशकाला द्या; चांगल्या संपादकाचा हात लागणं बदलाच्या स्वातंत्र्यापेक्षा मोलाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत. एखाद्या मजकुराबद्दल मनात थोडीही धाकधूक असेल तर तो छापायलाही देऊ नका आणि मुक्तही करू नका.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी तुमचा मजकूर दुसऱ्या कोणी संकेतस्थळावर चढवला, तर कॉपीराइट नियम, २०१३ चा नियम ७५ उपयोगी पडतो. लेखी तक्रारीत मूळ कृती, तुमची मालकी आणि चोरलेल्या प्रतीचा नेमका दुवा द्या. मजकूर साठवणाऱ्या सेवेने ३६ तासांत तो थांबवायचा असतो, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, म्हणून वकिलाला तक्रारीच्या दिवशीच भेटा.