मराठी वेबसाइटसाठी फॉन्ट: फोनमधलाच, नोटो, मुक्ता की टिरो?

शाळा, ग्रंथालय, दिवाळी अंक, पतसंस्था किंवा गृहउद्योग, वेबसाइट कोणाचीही असो, फॉन्टचा निर्णय बहुतेक वेळा टेम्पलेटच, म्हणजे साइटचा तयार साचाच, घेऊन टाकतं. ते टेम्पलेट इंग्रजीसाठी बनलेलं असतं. त्यात 'लाटो' हा इंग्रजी फॉन्ट ठरलेला असतो, लाटोमध्ये देवनागरी नाही, मग ब्राउझर वाचकाच्या फोनमधला जो सापडेल तो देवनागरी फॉन्ट उचलतो. साइटवाल्याला वाटतं आपण फॉन्ट निवडला. प्रत्यक्षात प्रत्येक वाचक वेगळाच फॉन्ट बघत असतो आणि अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, जाडी हे सगळं मात्र लाटोच्या मापाचं राहतं.

निवड मुळात चार गोष्टींमध्ये आहे: उपकरणातला फॉन्ट, नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता आणि टिरो देवनागरी मराठी. आमचा कल आधीच सांगतो. सूचना, अर्ज, दरपत्रक, बातम्या असा मजकूर असेल तर मुक्ता. कथा, लेख, समीक्षा असं निवांत वाचायचं असेल तर टिरो. वाचक मुख्यतः स्वस्त फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवर असेल तर वेब फॉन्ट, म्हणजे साइटबरोबर डाउनलोड होणारा फॉन्ट, नकोच.

उपकरणातला फॉन्ट

विंडोजवर आधी 'मंगल' असायचा, विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' आला. अँड्रॉइडवर बहुधा नोटो, तर आयफोनवर 'कोहिनूर देवनागरी' दिसतो. यातलं काहीच डाउनलोड करावं लागत नाही, त्यामुळे मजकूर क्षणात दिसतो. हा फायदा किरकोळ नाही. देवनागरीत जोडाक्षरांसाठी शेकडो आकार लागतात, म्हणून एका जाडीची देवनागरी फाइल इंग्रजी फाइलच्या कितीतरी पट मोठी असते. साधी आणि ठळक अशा दोन जाड्या घेतल्या की तो भार दुप्पट.

तोटा असा की ताबा तुमच्याकडे राहत नाही. एका फोनवर दोन ओळींत बसणारं शीर्षक दुसऱ्यावर तीन ओळी घेतं. काही कंपन्या फोनमध्ये स्वतःचा फॉन्ट घालतात, तिथे जोडाक्षरं कशी दिसतील याची खात्री देता येत नाही. फक्त माहिती पोहोचवायची असेल, म्हणजे पाणीपुरवठ्याची वेळ, लसीकरणाची तारीख, प्रवेशाची यादी, तर हा तोटा खुशाल सोसावा.

नोटो आणि मुक्ता

खरी चुरस या दोघांत आहे. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींचा परवाना खुला आहे, त्यामुळे फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला हरकत नाही. गूगलचा नोटो १०० ते ९०० अशा नऊ जाड्यांत मिळतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता २०० ते ८०० अशा सात. व्यवहारात लागतात दोनच, ४०० (साधी) आणि ७०० (ठळक). बाकीच्या जाड्या टेम्पलेटने मागितल्या तरी काढून टाकाव्यात.

नोटोचं बळ त्याच्या व्याप्तीत आहे. मराठीबरोबर तमिळ, कन्नड, उर्दू अशा भाषांची पानंही असतील, तर त्या लिप्यांसाठी नोटोचेच फॉन्ट घेता येतात आणि साइट एकाच घरातली वाटते. अक्षर मात्र तटस्थ आहे, सरकारी फलकासारखं.

मुक्ताची खुबी मराठी-इंग्रजी सरमिसळीत दिसते. आपला मजकूर 'ऑनलाइन फॉर्म पीडीएफमध्ये' अशा वळणाचा, आणि त्यात खरी रोमन अक्षरं, ईमेल पत्ते, आकडे येत राहतात. मुक्ताची देवनागरी आणि रोमन एकत्रच घडवलेली असल्याने ओळीत इंग्रजी शब्द आला तरी तो मोठा किंवा काळाभोर होऊन डोळ्यात भरत नाही. अर्ज आणि तक्ते असलेल्या साइटला हा गुण रोज उपयोगी पडतो. म्हणून बरोबरीच्या स्थितीत आम्ही मुक्ता घेतो.

टिरो देवनागरी मराठी

कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचा हा फॉन्ट छापील पुस्तकाच्या वळणाचा आहे. रेषा जाड-बारीक होत जातात, जोडाक्षरं जुन्या खिळ्यांच्या छपाईसारखी भरीव. दोन हजार शब्दांचा लेख यात वाचताना डोळा थकत नाही. पण याच्यात ठळक जाडीच नाही, फक्त साधी आणि तिरकी. शीर्षकाला टेम्पलेटने ठळक मागितलं की ब्राउझर स्वतःच अक्षराची कड फुगवतो. मग 'क्ष' आणि 'ध' यांच्या पोटातली पोकळी भरते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. उपाय दोन: शीर्षकाची जाडी ४०० ठेवून फक्त आकार वाढवायचा, नाहीतर शीर्षकाला मुक्ता ७०० द्यायचा. शिवाय बारीक रेषा साध्या पडद्यावर १६ पिक्सेलच्या खाली विरून जातात, तेव्हा बटणं, तळटिपा आणि मेन्यूला टिरो वापरू नये.

बलू २ किंवा मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडलेला यात्रा वन हे फॉन्ट शीर्षकापुरते झकास. परिच्छेदाला नको.

ल, श आणि एक कसोटीची ओळ

महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरायला सांगितलं आहे. दंडयुक्त 'ल' आणि गाठयुक्त 'श' हे हिंदीचं वळण. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं तरच मराठी रूपं पुढे येतात. त्यासाठी पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे 'एमआर' हवा. टेम्पलेटमध्ये तिथे इंग्रजीचा 'ईएन' राहिलेला असतो आणि कोणी बघत नाही. हा बदल एका मिनिटाचा आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनंही याच कोडवरून भाषा ओळखतात, म्हणजे दृष्टिहीन वाचकांसाठीही तो गरजेचा. टिरोच्या मराठी आवृत्तीत मराठी रूपं मुळातच आहेत.

फॉन्ट पक्का करण्याआधी ही ओळ त्यात टाकून बघावी: 'दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेत मूर्तींची तऱ्हा, उद्ध्वस्त वाङ्मय, कर्तृत्व, ॲप, ऑर्डर, ₹ ५००.' 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मध्ये रफार न दिसता आडवा अर्धा 'र' दिसला पाहिजे. 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, रुपयाचं चिन्ह २०१० साली, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट येते किंवा ते एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून येतं आणि जाडी वेगळी दिसते. 'मूर्तींची' हा शब्द सर्वांत कडक परीक्षक आहे. खाली दीर्घ उकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. एवढं सगळं एकमेकांवर न चढता बसलं की फॉन्ट पास.

टेम्पलेटमध्ये काय बदलायचं

ओळीची उंची इंग्रजीत अक्षराच्या १.४ ते १.५ पट चालते. देवनागरीत परिच्छेदाला १.७ च्या आसपास आणि शीर्षकाला किमान १.३५ लागते. शीर्षकाला १.१ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. बातम्यांच्या चौकटीत बाहेर गेलेला मजकूर लपवण्याची सेटिंग असते, तिथे रफार आणि अनुस्वार चक्क कापले जातात. 'सर्वांनी'चं 'सवानी' होतं.

अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करावं. इंग्रजी शीर्षकात एक पिक्सेल अंतर डौलदार दिसतं, मराठीत तेच शिरोरेषेला भेगा पाडतं. सुंदर फॉन्ट विद्रूप दिसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, आणि खापर फोडलं जातं फॉन्टवर.

परिच्छेदाचा आकार १८ पिक्सेल घ्यावा. १६ मध्ये 'ष' आणि 'प' यांतला फरक घाईत वाचताना हरवतो. तिरकं अक्षर मराठीत जोर देण्यासाठी वापरू नये, ठळक करावं. दुव्याखालची रेघ उकारांना कापत जाते, तेव्हा तिला अक्षराच्या पाव आकाराएवढं खाली ढकलावं. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' असे लांब शब्द ३६० पिक्सेल रुंद फोनवर मोठ्या शीर्षकात मावत नाहीत, तिथे शीर्षक २६ ते २८ पिक्सेलवर आणावं. शब्द कुठेही तोडण्याची सेटिंग लावली तर निम्मा शब्द पुढच्या ओळीत जातो आणि वाचणारा अडखळतो.

फिकट करडा मजकूर आधुनिक दिसतो असा समज आहे. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उठाव लागतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंगकोडचा करडा त्यात जेमतेम बसतो, ७७७७७७ नापास होतो. देवनागरीत बारीक तपशील जास्त, म्हणून ४४४४४४ च्या आसपास राहावं.

फाइल कुठे ठेवायची

गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट घेतला की तो वाचकाकडे आधीच साठवलेला असेल, हा जुना युक्तिवाद आता चालत नाही. क्रोमने २०२० पासून प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला आहे. जर्मनीतल्या मराठी मंडळांच्या साइटना आणखी एक कारण आहे. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, पाहुण्याचा आयपी पत्ता परवानगीशिवाय गूगलकडे जातो म्हणून साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. फाइल स्वतःकडेच ठेवणं बरं.

ती वॉफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर फॉन्ट-स्वरूपात असावी. आकार कमी करण्यासाठी अक्षरं छाटताना देवनागरीचा पूर्ण गट ठेवावाच, शिवाय रुपयाचं चिन्ह आणि जोडाक्षर जोडणारी-तोडणारी दोन अदृश्य चिन्हंही. ही दोन गेली की काही जोडाक्षरं अधूनमधून फुटतात आणि कारण सापडता सापडत नाही. फक्त ४०० ची फाइल आगाऊ मागवावी, ७०० ची मागाहून आली तरी चालते. फॉन्ट येईपर्यंत फोनमधला फॉन्ट दिसू द्यावा. नाहीतर काही ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत कोरी जागा दाखवतात. फॉन्टच्या या अदलाबदलीच्या वेळी मजकूर उडी मारतो. ही हालचाल मोजणाऱ्या गूगलच्या निर्देशांकात ०.१ पर्यंतचा आकडा चांगला धरतात. तो वर गेला तर पर्यायी फॉन्टचा आकार टक्केवारीने कमी-जास्त करून दोघांची रुंदी जुळवता येते. ही जुळणी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर वेगवेगळी तपासावी, कारण एकावर बसलेलं माप दुसऱ्यावर चुकतं.