सील फोडू नका म्हणणाऱ्यापासून सांभाळा

बडोद्यात प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या बांधणारे आणि जमवणारे तसे मूठभरच. त्यातल्याच कोणाच्या तरी पुढ्यात हा माणूस उद्या उभा राहील, म्हणून लिहितोय. जुनी अमेरिकी किटं (सुटे भाग जोडून गाडी बांधायचे संच), सीलबंद, अशी त्याची जाहिरात असते. माझ्याकडून त्याने ४२,००० रुपये घेतले आणि खोक्यांतून जे निघालं ते भंगारवाल्यानेही वजनावरच घेतलं असतं.

आपल्याकडे असल्या माणसाचं फावतं कसं, ते आधी सांगतो. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. स्केल मॉडेल म्हणजे म्हाताऱ्यांचा छंद असला तरी कस्टमच्या वहीत तो खेळण्यांच्याच खात्यात बसतो. त्यामुळे बाहेरून नवं किट मागवायचं म्हणजे जीव वरखाली होतो, आणि कोणाच्या माळ्यावर जुना साठा निघाला असं कळलं की आमच्यातले शहाणेसुद्धा पाकीट चाचपायला लागतात. त्यात बडोदं. इथे दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी अमेरिकेत असतंच. काका डेट्रॉइटला मोटार कंपनीत होते, गेल्या वर्षी वारले, काकू सामान घेऊन परत आल्या, या त्याच्या गोष्टीत संशय घेण्यासारखं इथे काहीच नसतं.

माणूस तिशीचा. मराठी अस्सल बडोदेकरी, वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावणारी. पहिल्याच भेटीत म्हणाला, “काका, लक्ष्मी विलासवर जुन्या गाड्या आल्या होत्या ने, २०२३ च्या जानेवारीत, तिथे तुम्हाला पाहिल्यासारखं वाटतं.” अर्धं शहर त्या गाड्या बघायला लोटलं होतं, मग मी तिथे असणारच की! पण ऐकताना बरं वाटतं. दांडिया बाजारातल्या दोन-चार घरांची नावंही त्याने सहज घेतली. ती घरं मला माहीत होती. त्याला ओळखणारं त्यांत कोणी नव्हतं, हे नंतर कळलं.

त्याचा अभ्यास मात्र पक्का होता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. जपानी गाड्या १/२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या, आणि जुन्या अमेरिकी बहुतेक १/२५ च्या, हे नुसता माल विकणाऱ्याला माहीत नसतं. याला होतं. एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली, पुढे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधून तिचा माल यायचा, शोरूममध्ये ठेवायला गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करता करता ती किटांकडे वळली, हे सगळं त्याने मलाच सांगितलं. पहिलं किट त्याने उघडून दाखवलं. ते खरंच जुनं होतं आणि पूर्ण होतं. बॉडी, क्रोमचे भाग, काचा, टायर, डिकॅल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं), घड्या पिवळ्या पडलेला सूचनांचा कागद, सगळं जागच्या जागी. भावही रास्त. ते मी घेतलं, घरी आणून एकेक स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात ती प्लास्टिकची चौकट, मोजला, आणि तिथेच त्याचं काम झालं.

मग आली ती सीलबंद खोकी. त्यात १९५७ च्या शेव्रोले बेल एअरचं एक, ‘साठच्या दशकातलं, हात न लागलेलं’. मी प्लास्टिकच्या कडेला नख लावलं तसा तो जवळजवळ ओरडलाच, “काका, सील फोडू नका! फोडलं की अर्धी किंमत गेली.”

साठी गाठलेला कोणीही संग्राहक हेच म्हणेल, आणि ते खरंही आहे. म्हणून तर हा डाव बसतो. सीलबंद किट घेणारा ते उघडत नाही. कपाटात ठेवतो, आल्यागेल्याला बाहेरून दाखवतो, दहा वर्षांनी मुलगा किंवा सून ते विकायला काढते. तोवर विकणारा कुठच्या कुठे. चोरीचा माल सांभाळायला मालकालाच राखणदार बसवायचा, अशी ही रीत आहे.

माझ्या बाबतीत इतकी वर्षं लागली नाहीत, कारण अण्णा. आमच्यातले सगळ्यात जुने, रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खोकं हातात घेतलं आणि गाडीच्या चित्राकडे ढुंकूनही न बघता एका बाजूला चिकटवलेल्या किमतीच्या स्टिकरवर बोट ठेवलं. डॉलरमधली किंमत, कोणत्या तरी दुकानाचं पुसटसं नाव, कडा झिजलेल्या. “स्टिकर जुनं आहे, पण गोंद ताजा आहे,” म्हणाले. वहिनींचा हेअर ड्रायर आणवला, कोपरा गरम केला, वरचं प्लास्टिक चिरून चिमट्याने हळूहळू स्टिकर सोलत नेलं. खाली एक काळी रेघ दिसली, मग दुसरी, मग अख्खा बारकोड.

दुकानातल्या काउंटरवर पहिला बारकोड वाचला गेला तो जून १९७४ मध्ये, च्युइंगमच्या पाकिटावर. तोही ट्रॉयमध्येच, पण ओहायोतल्या. साठच्या दशकातल्या खोक्यावर तो असूच शकत नाही. अण्णांनी भिंग लावून खालची बारीक अक्षरं वाचली तर तिथे चक्क वेबसाइटचा पत्ता. म्हणजे खोकं नव्या आवृत्तीचं. जुनी चित्रं तशीच ठेवून ही किटं पुन्हा पुन्हा निघतात, त्यात कंपनीचं काही चुकत नाही. बांधणाऱ्याला उलट फायदाच, माल स्वस्त आणि डिकॅल ताजं. फक्त त्याला साठचं म्हणून विकता येत नाही.

इथवर निदान नवं किट तरी पदरात पडलं असं वाटत होतं. उघडलं तर आत एका स्वस्त पिकअप ट्रकच्या स्प्रू, निम्मे भाग आधीच कापून नेलेले, हलवल्यावर खुळखुळ व्हावी इतपतच ठेवलेले. बेल एअरची बॉडी नाहीच. वजन भरायला पुठ्ठ्याच्या घड्या. डिकॅलच्या जागी रंगीत झेरॉक्स. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला तर शाई पसरली. खरं डिकॅल पाण्यात ठेवलं की वरची पातळ झिल्ली सुटून कागदावरून सरकते, तिथे सरकायला काही नव्हतंच. बाकीच्या खोक्यांतही थोड्याफार फरकाने हेच.

सील घरी कसं चढवतात तेही अण्णांनी दाखवलं. ती फिल्म पॅकिंगचं सामान विकणाऱ्याकडे रोलवर मिळते, खोक्याभोवती गुंडाळायची आणि हीट गन फिरवायची. कारखान्याच्या फिल्मला बहुधा हवा जायला टाचणीएवढी भोकं असतात आणि शिवण सरळ येते. घरच्या कामात कोपऱ्यांवर सुरकुत्या जमतात आणि खालच्या बाजूला वितळून जाड झालेला जोड हाताला लागतो. अर्थात चांगलं यंत्र असेल तर हेही सफाईने होतं, त्यामुळे यावर फार विसंबू नका. जपानी किटांची खोकी बहुधा फिल्मशिवायच विकली जातात. तिथे कोणी ‘फॅक्टरी सील’वर जास्त जोर देऊ लागला तर जास्तच जपून.

आणि सील खरं असलं तरी काय? जुन्या खोक्यात मऊ टायर काचेला टेकून राहिले तर टायरमधलं रसायन क्लिअर प्लास्टिकला खातं, काचेवर टायरचा ठसा उमटतो. सीलबंद म्हणजे धड, हे समीकरण तसंही कच्चंच आहे.

पैसे यूपीआयने गेले होते, दोन हप्त्यांत, आणि ज्या खात्यात गेले त्यावर भलतंच नाव होतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला. तिथला पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? हा नंबर लगेच, तासाभरात केलात तर खातं गोठण्याची आशा असते. माझं तोवर बरंच शिळं झालं होतं. चौकीवर साहेबांनी खोकं उलटसुलट करून विचारलं, “खेळण्यासाठी बेचाळीस हजार?” तरी अर्ज घेतला. जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढी माहिती मिळाली. पैसे मिळालेले नाहीत. मेसेजेस, स्टिकर आणि खोकी सगळं जपून ठेवलंय.

आता कामाचं. त्याच्या जाहिरातीचा हाच मजकूर, तेच डेट्रॉइटचे काका, सध्या इंदूरकडच्या लोकांच्या मोबाइलवर फिरतोय. नंबर नवा आहे. फोटोत सीलबंद खोकी तिरपी ठेवलेली असतात, बारकोडची बाजू कधीच दिसत नाही. त्याच्याकडे त्या बाजूचा फोटो मागा. समोरासमोर भेटलात तर तुमच्यादेखत सील फोडायला सांगा, आणि त्यासाठी किंमत कमी होत असेल तर ती कमी झालेली किंमतच द्या. माझ्याकडचं पहिलं, खरं किट त्याने आधी आणखी कोणाला दाखवलं असेल तर मला कळवा. त्याच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक छोटा बाण काढलेला आहे. अर्जाला जोडायला उपयोगी पडेल.